वेताचे चिलखत

स्त्रीचे चित्र पुरुषाने काढावे, पुरुषानेच विकत घ्यावे आणि मग साऱ्या घराने ते भिंतीवर पाहत राहावे, ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की ती एक रीत आहे हे ध्यानातही येत नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना घातला आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला अशा सर्वजणी आपल्या दिवाणखान्यांत कायमच्या राहावयास आल्या. त्यांच्यापुढे आपल्या आज्या-पणज्यांनी हात जोडले, आणि कोणी सांगावे, पदर घेण्याची तऱ्हाही त्यांच्यापासून उचलली असेल. पुढे सावळाराम हळदणकरांचे ते सुप्रसिद्ध जलरंगचित्र आले. हाती दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीस आडोसा करणारी ती तरुणी ज्याने पाहिली नाही असा वाचक विरळा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ती तरुणी म्हणजे चित्रकाराची स्वतःची कन्या गीता. पुढे त्या उपळेकरांच्या घरी गेल्या, कोल्हापुरास राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली निवर्तल्या. चित्र सर्वांस ठाऊक आणि चित्रातील व्यक्ती फार थोड्यांस, असा हा प्रकार आहे.

आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही. बापाने लेकीकडे इतक्या ममतेने पाहावे आणि ती ममता कागदावर इतकी निर्मळ उतरावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तीच लेक हाती कुंचला घेऊन आरशासमोर बसती तर काय काढती, हा प्रश्न राहतोच. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या देशातील कित्येक चित्रकर्त्रींनी तो स्वतःस विचारला आहे. नलिनी मालानी, माधवी पारेख, निलिमा शेख आणि अर्पिता सिंह या चौघींनी १९८७ ते १९८९ या काळात मिळून चित्रप्रदर्शने भरविली, त्यांस नावच मुळी आरशापलीकडल्या जगाचे दिले होते. मुंबईच्या अंजू डोडिया यांनी तर गादीवर चित्रे काढली. आपल्या घरी गादी म्हणजे उन्हात घालावयाची, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावयाचा आणि पाहुणे आले की पलंगपोसाखाली झाकावयाची वस्तू. तिच्यावर बाईने स्वतःचीच आकृती रंगवावी आणि ती गादी भिंतीशी उभी करावी, यात जो संकोच पाहणाऱ्यास वाटतो तोच त्या चित्राचा अर्धा अर्थ आहे, असे आम्हांस वाटते.

या सर्व मंडळींत आमच्या घरात ज्यांच्यावरून सर्वांत अधिक वाद झाला त्या शकुंतला कुलकर्णी. याही मुंबईच्याच. वयाच्या साठीच्या सुमारास, २०१० ते २०१२ या वर्षांत, त्यांनी कारागिरांच्या साहाय्याने वेत वाकवून, विणून अंगभर चिलखते घडविली. डोक्यास शिरस्त्राण, गळ्याभोवती कडी, छातीस कवच, खाली घेर. ती स्वतःच्या अंगावर चढवून त्या मुंबईत भर वस्तीत, जेथे लोक येतात-जातात अशा जागी उभ्या राहिल्या आणि त्या अवस्थेत त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. देह, चिलखते आणि पिंजरे, असा त्या मालिकेच्या इंग्रजी नावाचा अर्थ. २०१२ साली मुंबईत केमोल्ड कलादालनात ती लोकांपुढे आली.

वेत म्हटला की आमच्या पिढीस प्रथम पंतोजींची छडी आठवते. नंतर आजोबांची आरामखुर्ची, आणि त्याच घराण्यातील बांबूचे टोपले, कोंबड्यांचे डालगे, बाळाचा पाळणा. म्हणजे मारण्याची, बसण्याची, कोंडण्याची आणि जोजवण्याची अशी सारी कामे एकाच जातीच्या काडीने केलेली. चित्रकर्तीने हे इतके मनात आणले होते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु छायाचित्र पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ते आल्यावाचून राहत नाही. शिवाय लोखंडी चिलखत अंग झाकते, वेताचे झाकीत नाही. दोन काड्यांमधून आतील मनुष्य दिसतच राहते. बाहेरच्या नजरेपासून राखण करणारी वस्तू आणि आत कोंडून ठेवणारी वस्तू यांची घडण एकच, हे लिहून सांगावयास चार पाने लागली असती. तेथे ते पाहताक्षणी कळते. आधुनिक कलेतील पुष्कळसे प्रकार आम्हांस समजत नाहीत, आणि न समजलेल्याची स्तुती करण्याची आम्हांस हौस नाही. हे मात्र समजले.

याच चिलखतांचे पुढे जे झाले त्याचेही थोडे नवल वाटते. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिस शहरी त्युइलरी उद्यानात दिओर या विख्यात वस्त्रगृहाने आपले नवे कपडे मिरविले, तेव्हा मध्यभागी शोभेस कुलकर्णीबाईंची चिलखते उभी होती. रस्त्यावरील नजरेला उत्तर म्हणून जे घडविले, त्याच्याभोवती नजरेसाठीच चालणाऱ्या रूपवती फिरल्या. चित्रकर्तीस याचे वाईट वाटले असेल असे समजण्यास आधार नाही. कला मोठ्या दारी गेली याचा आनंदच झाला असावा. आम्ही आपले दुरून पाहणारे.

आता नगरच्या माणसाने चिलखत घातलेली बाई पाहिली की त्याचे मन मुंबईस फार वेळ थांबत नाही. ते भुईकोट किल्ल्याच्या खंदकापाशी येते. १५९५-९६ साली मोगलांनी किल्ल्यास वेढा दिला, सुरुंगाने तटास खिंडार पडले, आणि धीर सुटू लागलेल्या लोकांपुढे चांदबिबी त्या खिंडारात येऊन उभी राहिली. फिरिश्ता या इतिहासकाराने तिचे वर्णन करताना तीन गोष्टी सांगितल्या आहेत: अंगात चिलखत, तोंडावर बुरखा, हाती नंगी तलवार. रातोरात खिंडार बुजविले गेले आणि शहर त्या खेपेस वाचले. शाळेत हे आम्हांस शिकविले तेव्हा तलवारीवर सारा भर होता. चिलखत आणि बुरखा एकाच अंगावर कसे, हे आमच्या मास्तरांस विचारण्याचे आमच्यापैकी कोणासही सुचले नाही. शत्रूच्या बाणासाठी एक आवरण आणि आपल्याच माणसांच्या डोळ्यांसाठी दुसरे, असे दुहेरी ओझे घेऊन ती बाई लढली. पुढे १६०० साली किल्ला पडला, त्यापूर्वीच तिचा जीव गेला होता, आणि तो मोगलांनी नव्हे तर फितुरीच्या संशयाने तिच्याच लोकांनी घेतला. म्हणजे दोहोंपैकी एकही आवरण कामास आले नाही.

तिचे समोर बसवून काढलेले असे एकही चित्र आमच्या पाहण्यात नाही. घोड्यावर बसून, हातावर ससाणा घेऊन शिकारीस निघालेली चांदबिबी दाखविणारी जी दख्खनी चित्रे आहेत, त्यांतील एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. परंतु ते १७०० च्या सुमाराचे, म्हणजे ती गेल्यावर शंभर वर्षांनी काढलेले. खिंडारातील बाई चित्रकारांनी सोडून दिली आणि बागेतील राजकन्या घेतली. आणि नगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, जीस आबालवृद्ध चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वास्तविक सलाबतखान नावाच्या मंत्र्याची कबर आहे. पुरुषाच्या वास्तूस लोकांनी बाईचे नाव द्यावे, असे उलटे उदाहरण जगात क्वचितच सापडेल. आम्हांस याचे थोडे समाधानही वाटते. २०२४ साली तर सबंध जिल्ह्यानेच जामखेड तालुक्यातील चोंडीच्या लेकीचे नाव धारण केले. आमची जीभ अद्याप ‘नगर’ म्हणते, हा केवळ वयाचा दोष.

आता घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहिणे घडले.

आमच्या पुतण्याची पत्नी चित्रकला शिकलेली आहे. गेल्या वर्षी तिचे बाळंतपण घरीच, म्हणजे सासरीच करावे लागले. माहेरी करणारे कोणी उरले नव्हते. दवाखान्यातून आल्यावर वाड्यातील जी जुनी काळोखी खोली अशा कामास पूर्वापार ठेवलेली आहे, तीतच तिला ठेवले. तेलपाणी, शेक, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, सारे यथास्थित झाले. आमच्या वहिनींचे या बाबतीत कोणी बोट दाखवू शकणार नाही. चार महिन्यांनी सूनबाईने चार चित्रे पुरी केली. तीन निरुपद्रवी होती. चौथ्याचे नाव ‘दहावा दिवस’. त्या चित्रात तीच आहे. कानांवरून बांधलेले फडके, सुटलेला चेहरा, डोळ्यांखाली काळे, खाटेखाली शेगडी, आणि मांडीवर मूल असूनही दृष्टी मुलाकडे नाही. दृष्टी सरळ पाहणाऱ्याकडे आहे. अंग कोठे उघडे नाही; एखादी बाई स्वयंपाकघरात वावरते त्याहून ते अधिक झाकलेलेच आहे. तरीही प्रथम पाहताना आम्ही मान वळविली हे खरे. दार न वाजविता आत गेल्यासारखे वाटले.

सावेडीस स्त्री चित्रकारांचे एक लहानसे प्रदर्शन भरणार होते, तेथे हे चित्र पाठवावे अशी तिची इच्छा. वहिनींनी नाही म्हटले. आवाज न चढविता, वाटी पुसता पुसता म्हटले, म्हणून ते अधिक पक्के होते. बाळंतिणीच्या खोलीत घरचा पुरुष डोकावत नाही, आणि ती चारचौघांत मांडायची? लोक म्हणतील, सुनेला कसे ठेवले होते पाहा. पुतण्याने ‘मला मध्ये घेऊ नका’ म्हणून अंग काढले; हा आमच्या घरातील पुरुषांचा परंपरागत शहाणपणा. सूनबाई एवढेच म्हणाली की ठीक आहे, यापुढे मी फळे-फुले काढीन. ती रुसून म्हणाली असती तर आम्ही हसून सोडून दिले असते. ती रुसली नव्हती. एखादा मनुष्य दुकान आवरावयाचे ठरवितो त्या स्वरात ती बोलली, आणि त्या स्वराने आमचा जीव थोडा घाबरला.

वहिनींचे आवडते पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. नगरच्या घरांत त्या पुस्तकावर एक प्रकारचा घरोबा आहे. टिळक दांपत्याचे दिवस येथे आणि राहुरीस गेले, लक्ष्मीबाईंनी १९०० साली धर्मांतर केले तेही राहुरीस. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या त्या पुस्तकात बाईंनी काय झाकून ठेवले आहे? वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा संताप, स्वतःची फजिती, उपासमार, सारे तोंड भरून सांगितले आहे, आणि वाचकांनी त्यांस डोक्यावर घेतले आहे. आम्ही वहिनींस म्हटले, लक्ष्मीबाईंनी शब्दांत केले तेच ही रंगांत करते. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “भाऊजी, पुस्तक मिटता येते. भिंतीवरचे चित्र मिटता येत नाही. ते आपल्याला पाहतच राहते.”

आधुनिक कलेवर पुण्यामुंबईस झालेली पुष्कळ व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. इतके नेमके वाक्य त्यांत ऐकल्याचे स्मरत नाही. वहिनींचा आक्षेप आणि चित्राचा गुण ही एकच गोष्ट होती. त्याच रात्री जेवणे झाल्यावर धाकट्या पुतण्याने कुलकर्णीबाईंची छायाचित्रे मोबाइलवर काढून सर्वांस दाखविली, आणि मग वाद घरच्या चित्रावरून वेताच्या चिलखतावर गेला, जे एका परीने बरे झाले. परक्याच्या निमित्ताने माणसे मोकळेपणी बोलतात. कोणी म्हणाले, हे सोंग आहे. कोणी म्हणाले, गर्दीच्या गाडीतून रोज जाणाऱ्या मुलीला विचारा हे सोंग आहे का. आमची एक पुतणी, जी एरवी कोणत्याच वादात पडत नाही, ती म्हणाली की आपण माळीवाड्याच्या स्थानकावर उभ्या असताना दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरतो, ते हेच. यावर कोणी काही बोलले नाही. तिचे वडील तेथेच बसले होते. मुलगी दप्तर कसे धरते हे त्यांनी दहा वर्षे पाहिले होते आणि कधी पाहिले नव्हते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली मुंबईतील स्त्रियांच्या वावरण्याविषयी एक इंग्रजी ग्रंथ लिहिला, ‘व्हाय लॉयटर?’ त्यांचे म्हणणे असे की बाई घराबाहेर दिसली तर तिच्यापाशी काम असावे लागते. पिशवी, पुस्तके, मूल, काहीतरी. निष्कारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, आणि तोच खरा नागरिकत्वाचा हक्क आहे. हे वाचून आम्ही चितळे रस्त्यावरून, कापड बाजारातून मुद्दाम पाहत गेलो. चहाच्या टपरीशी, पानाच्या गादीशी, किल्ल्यासमोरच्या कठड्यावर पुरुष उगीच उभे होते, आणि आम्हीही त्यांतलेच एक होतो. उगीच उभी राहिलेली बाई संध्याकाळपर्यंत एक दिसली. जवळ गेलो तो कळले, रिक्षाची वाट पाहत होती.

आणि जागेचा प्रश्न आमच्या जिल्ह्यास नवा नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी जावे की नाही, हा वाद येथेच पेटला. २००० साली नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आंदोलन केले. २०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तर मागाहून शुद्धीसाठी अभिषेक करण्यात आला. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी निघालेला स्त्रियांचा मोर्चा सुप्यास अडविला गेला. मग विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने एप्रिलच्या पहिल्या तारखेस स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, स्त्रिया वर गेल्या. आमच्या घरातील बायका त्यानंतर शिंगणापुरास गेल्या तेव्हा चौथऱ्यावर चढल्या का, असे कोणी विचारील. दोघी चढल्या. वहिनी खाली उभ्या राहिल्या. त्यांस कोणी अडविले नव्हते. हक्क असणे आणि पाय उचलणे यांमध्ये जे अंतर आहे त्यास न्यायालय काय करणार? परंतु हक्क नसता तर त्या खाली उभ्या राहिल्या असत्या ते निराळे, आणि आता स्वतःच्या मर्जीने उभ्या राहिल्या ते निराळे, हे त्यांनीच परतताना गाडीत सांगितले.

घरात वडीलकी आमच्याकडे असल्याने चित्राचा निवाडा शेवटी आमच्याकडे आला. आम्ही सांगितले की चित्र जावे. कारणे विचारली तेव्हा एकच दिले: मूल आमच्या घराण्याचे, त्याच्या बारशास आपण दोनशे पाने वाढली, गावभर पेढे वाटले, मग ते ज्या खोलीतून आले तिचीच लाज का? वहिनींनी मान्य केले, परंतु अट घातली. प्रदर्शनास न्यावे, सोप्यात टांगू नये. म्हणजे परक्यांनी पाहिलेले चालेल, व्याह्यांनी नको. यातील तर्क आम्हांस आजतागायत उलगडलेला नाही, तथापि सूनबाईने अट स्वीकारली. तडजोडीचे शास्त्र तिला आमच्याहून अधिक अवगत आहे. सोप्यात तूर्त आमच्या वडिलांची, आजोबांची आणि पणजोबांची छायाचित्रे आहेत, तिघांच्याही हाती काठी. आजीचे एक समूहचित्र आहे, त्यात ती दुसऱ्या रांगेत पदराआड असून नाकाची नथ तेवढी ओळखू येते.

प्रदर्शन तीन दिवस चालले. निसर्गचित्रांसमोर लोक थांबत, छान म्हणत आणि पुढे जात. ‘दहावा दिवस’पाशी पुरुष लवकर पुढे सरकत, जसे आम्ही प्रथम मान वळविली तसेच. बायका थांबत. काहीजणी परत येऊन थांबत. एका प्रौढ बाईंनी चित्राकडे पाहत स्वतःच्या कानांवरून हात फिरविला. चित्र विकले गेले नाही. सूनबाईने किंमतच लावली नव्हती.

परत आल्यावर ते माजघरात भिंतीशी टेकवून ठेवले. टांगायचे नाही ही अट पाळली गेली. तेथे आमच्या आत्याबाईंचा पलंग आहे. त्यांस नव्वदी जवळ आली, एका डोळ्यास बरे दिसते, आणि त्यांची चारही बाळंतपणे माहेरी याच वाड्यात, याच खोलीत झाली. त्यांतील दोनच मुले जगली. चित्र समोर आले त्या दिवशी त्यांनी ते बराच वेळ पाहिले. घरातील सर्वांस वाटले की आता काहीतरी ऐकावे लागणार. दुपारी त्यांनी सूनबाईस हाक मारली, चष्मा पुसून मागितला, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, “शेगडी चुकली ग. ती पायांशी नसे, उशाकडे असे. धूर दाराकडे जायचा. आणि खिडकीला गोणपाट होते, ते कुठे गेले?”

सूनबाई रंगपेटी आणावयास उठली. आत्याबाई मग तिला गोणपाटाचा रंग सांगत बसल्या.